इंग्लंडची इमर्जन्सी इलेक्टिव्ह: अर्जाआधी लसीची तारीख बघ

तू विचारलंस, लातूरला एमबीबीएस करताना थर्ड पार्ट वननंतरची (तिसऱ्या एमबीबीएसच्या पहिल्या भागानंतरची) इलेक्टिव्ह, म्हणजे स्वतः निवडलेल्या विभागातली पोस्टिंग, इंग्लंडच्या इमर्जन्सी विभागात करायची, तर सुरुवात कुठून? हिपॅटायटिस बीच्या कागदापासून.

डोस ०, १ आणि ६ महिन्यांचे. तिसऱ्यानंतर १-२ महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती अँटिबॉडी तयार झाली त्याची तपासणी. म्हणजे आज पहिली सुई घेतली तरी ७-८ महिने गेलेच. टायटर १० च्या खाली आलं तर पुन्हा डोस, पुन्हा तपासणी. हे रिपोर्ट बघितल्याशिवाय इथलं, इंग्लंडमधलं ऑक्युपेशनल हेल्थ (हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांचं आरोग्य बघणारं खातं) तुला इमर्जन्सीत शिरू देत नाही. गोवर-रुबेलाचे २ डोस किंवा अँटिबॉडीही दाखवावी लागते. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, हे आजीचं सांगणं आपल्याकडच्या मुलांचं सहसा धरत नाहीत. व्हीझेडव्ही आयजीजी (कांजिण्यांच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी) करूनच ठेव.

व्हिसा स्टँडर्ड व्हिजिटर. इलेक्टिव्ह तुझ्या कोर्सशी संबंधित, बिनपगारी आणि रुग्णावर उपचार न करता, ही अट. पत्र विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलचं हवं. कन्सल्टंटचा (विभागातल्या वरिष्ठ डॉक्टरचा) ‘ये की’ असा मेल पुरत नाही. आणि पत्रात ‘हँड्स-ऑन ट्रेनिंग’ हे शब्द आले तर बदलून घे, अर्ज तिथेच अडकतो. प्रवासाच्या ३ महिने आधीपासून अर्ज करता येतो.

वडिलांच्या खात्यात सोयाबीनचे पैसे एकदम जमा झाले असतील तर मोंढ्यातली पट्टी (विक्रीची पावती) आणि सातबारा जोड. कारण न कळणारी मोठी रक्कम संशय वाढवते. दोन्ही मराठीत, म्हणून त्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं.

उपचार करायचे नाहीत म्हणजे सलाईनसुद्धा लावायची नाही. हात बसवायचा तो लातूरला, नाहीतर घाटीच्या (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी हॉस्पिटलच्या) कॅज्युअल्टीत. फवारणीच्या विषबाधेत छाती साफ होईपर्यंत दर ५ मिनिटांनी ॲट्रोपिन (विषावरचा उतारा) दुप्पट करत कसं नेतात, ते बघ. सर्पदंशात रक्त गोठतं का ते बघायला २ मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेव. प्लास्टिकची नळी घेतलीस तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि अँटिव्हेनम उगाच जातं. इथे इंग्लंडमध्ये हे रुग्ण क्वचितच दिसतील. पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस मात्र हमखास: गोळ्या घेतल्यापासून ४ तासांची रक्तातली लेव्हल, १०० मिग्रॅ प्रति लिटरची रेघ, तिच्यावर गेलं की एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा. तो नॉमोग्राम (लेव्हल आणि तासांचा आलेख) वाचून ये.

तुझ्या बॅचला दिवस किती, हे डीन ऑफिसकडून लेखी घे. नव्या नियमात १५-१५ दिवसांचे दोनच ब्लॉक आहेत, क्लिनिकल दुसरा; इथली बरीच मेडिकल स्कूलं ४ आठवडे मागतात.

लॉगबुकवर (इलेक्टिव्हच्या कामाच्या नोंदवहीवर) सही रोजच्या रोज घे. ७५ टक्के हजेरी आणि लॉगबुक नसेल तर फायनलला बसता येत नाही. इथल्या बहुतेक डॉक्टरांकडे आपल्यासारखा रबरी शिक्का नसतो, तेव्हा सहीखाली नाव आणि जीएमसी नंबर लिहून घे (हे जीएमसी म्हणजे आपलं गव्हर्नमेंट कॉलेज नव्हे, इथली मेडिकल कौन्सिल) आणि शिक्क्याशिवाय चालेल का, ते निघण्याआधीच कॉलेजात विचार.