जर्मनीला शिकायला जाताय? बॅगेच्या आधी पत्त्याचं बघा

सोलापूरच्या ज्या मुलाने विचारलंय ना, की माग्डेबुर्गच्या युनिव्हर्सिटीत मास्टर्सला अ‍ॅडमिशन झालीय, एपीएस सर्टिफिकेट (आपल्या मार्कशीट-डिग्री खऱ्या असल्याचा जर्मनांचा दाखला) हातात आहे, व्हिसाची अपॉइंटमेंट पण मिळालीय, आई बॅगेची लिस्ट करतेय, बाबा लोनसाठी बँकेत फेऱ्या मारतायत, आणि मी नेमकी कशाची तयारी करू, त्याच्यासाठी हे लिहितेय. मी बरीच वर्षं इकडे जर्मनीत आहे आणि दर सप्टेंबरला आपली मुलं येताना बघते, त्यामुळे लांब होईल, पण पूर्ण वाच.

सगळ्यात आधी खोली. बॅग नाही, जॅकेट नाही, फॉरेक्स कार्ड पण नाही. खोली. कारण इथे तुझं प्रत्येक काम पत्त्यावर अडतं. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तुला शहराच्या ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला एक फॉर्म लागतो की हा माणूस माझ्याकडे राहतो म्हणून. तो फॉर्म नसेल तर नोंदणी नाही, नोंदणी नसेल तर टॅक्स नंबर येत नाही, रेसिडन्स परमिटचं काम पुढे सरकत नाही, काही बँका अकाउंटच उघडत नाहीत, आणि बँक अकाउंट नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटमधले (व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधी भरून ठेवायचं आणि मग महिन्याला ठरावीकच देणारं खातं) तुझेच पैसे तुला मिळत नाहीत. एअरबीएनबीवाले किंवा हॉस्टेलवाले तो फॉर्म बहुतेक वेळा देत नाहीत, त्यामुळे "आधी जाऊ, मग बघू" हा प्लॅन करू नकोस रे बाबा.

म्हणून आजच, हो आजच, तिथल्या श्टुडेंटनवेर्कच्या साइटवर वसतिगृहाच्या खोलीसाठी अर्ज टाक. श्टुडेंटनवेर्क ही युनिव्हर्सिटीपेक्षा वेगळी संस्था असते, मेस आणि वसतिगृहं तीच चालवते, युनिव्हर्सिटीने अ‍ॅडमिशन दिली म्हणजे खोली आपोआप मिळत नाही. व्हिसा येईपर्यंत थांबायची गरज नसते, फक्त अर्ज मागे घ्यायची शेवटची तारीख आणि डिपॉझिटचे नियम नीट वाच. माग्डेबुर्ग, केमनित्झ, इल्मेनाऊ अशा पूर्वेकडच्या शहरांत अजून खोल्या परवडतात, म्युनिकला जाणाऱ्यांचं खरंच अवघड आहे.

बाहेर खोली बघत असशील तर भाड्याचे दोन आकडे असतात. काल्ट म्हणजे नुसतं भाडं, वार्म म्हणजे हीटिंग-पाणी धरून, वीज आणि इंटरनेट कधी त्यात असतं कधी नसतं, विचारून घ्यायचं. डिपॉझिट कायद्याने काल्ट भाड्याच्या तिप्पटच्या वर मागता येत नाही. आणि हे आईबाबांना पण वाचून दाखव: जो माणूस सांगतो की मी सध्या लंडनला आहे, तुम्ही डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल, तो चोर आहे. शंभर टक्के. फोटो फार सुंदर, भाडं फार कमी, पासपोर्टची कॉपी लगेच मागतो, ही सगळी त्याची लक्षणं. खोली कोणीतरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक युरो पाठवायचा नाही. तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सांग, कोणीतरी जाऊन बघून येतं, आपली मुलं याबाबतीत खूप चांगली आहेत.

आता पैसे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सप्टेंबर 2024 पासून वर्षाचे 11,904 युरो लागतात, म्हणजे महिन्याला 992. हे आजच्या भावाने 10 लाखांच्या वर जातात, आणि परदेशी पैसे पाठवताना वर्षाला 10 लाखांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापते. बँकेच्या एज्युकेशन लोनमधून पैसे गेले तर कापत नाहीत. वडिलांच्या सेव्हिंगमधून जाणार असतील तर कापलेली रक्कम त्यांच्या पॅनवर जमा दिसते आणि रिटर्न भरताना वळती होते, ती बुडत नाही, पण तेवढे जास्तीचे पैसे त्या दिवशी खात्यात असायला हवेत. लोन आणि सेव्हिंग दोन्ही वापरणार असाल तर कुठला खर्च कशातून, हे आत्ताच बाबांबरोबर बसून ठरव.

ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे उतरल्या दिवशी मिळत नाहीत हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. आधी इथलं बँक अकाउंट, मग ते ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना कळवायचं, मग ते तपासणार, मग पहिला हप्ता. यात काही आठवडे सहज जातात. तोपर्यंत डिपॉझिट, पहिलं भाडं, सेमिस्टर फी राहिली असेल तर ती, पांघरूण, भांडी, सगळं खिशातून. म्हणून फॉरेक्स कार्डवर दीड ते दोन हजार युरो आणि थोडी कॅश वेगळी ठेव, आणि ती 11,904 च्या बाहेरची धर. लोनची रक्कम ठरवताना विमानाचं तिकीट आणि हे पैसे त्यात घातले नाहीत तर बाबांना नंतर कुणाकडे तरी हात पसरावे लागतात, ते मला बघवत नाही.

आणि बाबांना असं सांगू नकोस की पहिल्या सेमिस्टरपासून पार्टटाइम करून हप्ते भरीन. कायद्याने वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, जानेवारी 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे, हिशोब कागदावर छान दिसतो. पण छोट्या शहरात जर्मन न येणाऱ्याला काम मिळायला वेळ लागतो, परीक्षा फेब्रुवारीत येतात, आणि मी बघितलेली जी मुलं पहिल्या सेमिस्टरला नापास झाली त्यातली बरीचशी गोडाऊनमध्ये रात्रपाळी करत होती. पहिले सहा महिने घरच्या पैशावर निघतील असंच धरून चाल. काम मिळालं तर आनंदच.

व्हिसाची फाईल. जुलै 2025 पासून व्हिसा नाकारला तर जर्मन दूतावासाकडे फेरविचाराचा अर्ज करायची जुनी सोय बंद झालीय, आता एकतर नव्याने अर्ज किंवा बर्लिनच्या कोर्टात दावा. त्यामुळे चेकलिस्टमधला एकेक कागद दोनदा तपास. मोटिव्हेशन लेटर स्वतः लिही, कन्सल्टंटने दिलेलं नको, इंटरव्ह्यूला तुलाच बोलायचंय की हाच कोर्स का. नावाचं पण बघ: पासपोर्टवर आपल्याकडे स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र गिव्हन नेममध्ये असतं, मार्कशीटवर आडनाव आधी असतं, कुठे आईचं नाव पण असतं. इथून पुढे प्रत्येक फॉर्मवर पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने. कॉलेजमधून ट्रान्सक्रिप्टच्या जादा सीलबंद प्रती पण आत्ताच काढून ठेव, तिकडून पुणे किंवा सोलापूर युनिव्हर्सिटीत माणूस पाठवून कागद काढणं फार त्रासाचं.

हेल्थ इन्शुरन्सबद्दल एक गोष्ट अगदी पक्की डोक्यात ठेव. तिशीच्या आत असशील तर सरकारी पद्धतीचा इन्शुरन्स घे, टीके, एओके, बार्मर, कुठलाही. महिन्याला दीडशे युरोच्या आसपास जातात आणि प्रायव्हेट त्याच्या निम्म्यात मिळतं म्हणून मुलं तिकडे वळतात. पण एकदा सरकारीतून सूट घेऊन प्रायव्हेटला गेलास की ते शिक्षण संपेपर्यंत सहसा परत येता येत नाही, आणि प्रायव्हेट स्वस्त प्लॅनमध्ये जुनी दुखणी, मानसिक आजार, मोठी ट्रीटमेंट यातलं बरंच वगळलेलं असतं. सरकारी इन्शुरन्स साधारण अ‍ॅडमिशन पक्की होऊन सेमिस्टर सुरू झालं की चालू होतो, म्हणून उतरल्यापासून तोपर्यंतच्या दिवसांसाठी ट्रॅव्हल इन्शुरन्स वेगळा लागतो, व्हिसाला पण तो मागतात.

निघायच्या आधी दात दाखवून ये, फिलिंग-रूट कॅनाल जे असेल ते सोलापुरातच उरक. चष्मा असेल तर दोन जास्तीचे करून घे, मोठ्यांच्या साध्या चष्म्याचे पैसे इथला इन्शुरन्स सहसा देत नाही. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांच्या इंग्लिश प्रिस्क्रिप्शनसह आण, औषधाचं शास्त्रीय नाव त्यावर हवं.

तिकीट काढताना शनिवारी रात्री पोचणारं काढू नकोस. वसतिगृहाची चावी हाउसमाइस्टर म्हणजे तिथला केअरटेकर देतो आणि त्याचे ठरलेले तास असतात, बहुतेक सोमवार ते शुक्रवार सकाळचे. रविवारी दुकानं बंद. 3 ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी, तेव्हाही बंद. मंगळवार-बुधवारी सकाळी फ्रँकफुर्टला उतर, आणि पुढच्या ट्रेनचं स्वस्त तिकीट काढू नकोस, ते त्याच एका गाडीला बांधलेलं असतं, विमान लेट झालं की गेलं. थोडे जास्त देऊन फ्लेक्सवालं घे. हाउसमाइस्टरला कधी येतोय ते आधी ईमेल कर, जर्मनमध्ये दोन ओळी लिहिल्यास तर उत्तर लवकर येतं.

खोलीवर गेल्यावर पहिलं काम, लेटरबॉक्सवर नाव लाव. कागदावर लिहून चिकटवलं तरी चालेल. इथे पोस्टमन खोली नंबर बघत नाही, बॉक्सवरचं आडनाव बघतो, नाव नसेल तर पत्र परत जातं. आणि बँकेचं कार्ड, त्याचा पिन, इन्शुरन्स कार्ड, टॅक्स नंबर, सगळं पोस्टानेच येतं, वेगवेगळ्या पाकिटांत. आलेलं प्रत्येक पत्र उघडायचं, समजलं नाही तर कोणाला तरी दाखवायचं, कपाटात टाकायचं नाही. रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येईल, महिन्याला 18.36 युरो, टीव्ही नसला तरी द्यावी लागते, पण ती घरामागे एकच असते, त्यामुळे फ्लॅटमध्ये आधीच कोणी भरत असेल तर त्याचा नंबर घेऊन कळवायचं.

आता आईच्या लिस्टकडे येते. काकू, तूप, पेढे, खवा, चक्का काही देऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमने पकडलं तर फेकून देतात. ताजा कढीपत्ता आणि आंबे पण नाहीत. शेंगाची चटणी, कडक भाकरी, काळा मसाला, वाळवलेला कढीपत्ता थोडासा, हे बिनधास्त द्या. डाळ-तांदूळ-पीठ द्यायची गरज नाही, आशियाई दुकानांत सगळं मिळतं. छोटा कुकर मात्र नक्की, इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा, एक जादा गॅस्केट आणि शिट्टीसकट. आपली तीन पिनची प्लग इथे बसत नाही, बारीक दोन पिनवाली बसते. थर्मल तिकडून आण, जाड जॅकेट आणि बूट इथे घे, इथल्या थंडीसाठी शिवलेले असतात.

राहिलेल्या दिवसांत दोन गोष्टींना रोज वेळ दे. एक जर्मन. कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी आनमेल्डुंगचं ऑफिस, हाउसमाइस्टर, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट जर्मनच बोलतात. मॅक्सम्युलर भवनाचे क्लास ऑनलाइन पण असतात, ए1 ही पहिली पातळी होऊन पुढची ए2 अर्धी झाली तरी खूप फरक पडतो.

दुसरी घरची सोय. तुझा भारतातला नंबर आधार, बँक, लोन सगळ्याला जोडलेला असणार, तो बंद पडू देऊ नकोस, रोमिंगवर ओटीपीचे मेसेज येतात का ते निघायच्या आधी कंपनीकडून चालू करून घे आणि रिचार्ज कधी संपतो ते बाबांना लिहून दे. बँकेला तू परदेशी चाललास हे सांग, अकाउंट एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं खातं) करायचं ते विचारून घे. लोनच्या कागदांसाठी बाबांच्या नावाने पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून ठेव, इकडून करायची तर कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट आणि ट्रेनचा खर्च. कोर्स चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चढतच असतं, घरून नुसतं व्याज भरणं जमणार असेल तर भरा, नंतरचा बोजा बराच कमी होतो. आईला व्हॉट्सअ‍ॅप कॉल स्वतः लावायला शिकव, आणि उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो ते घड्याळाशेजारी लिहून ठेव.

श्टुडेंटनवेर्कचा अर्ज टाकलास की इथेच कळव. वेटिंग लिस्टवर टाकलं तर तिथल्या खाजगी घरमालक कंपन्यांकडे कसं लिहायचं त्याचा मसुदा मी देते.