वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) मिळालीय? चावी खिशातच ठेवा

अभिनंदन, गाडी झकास आहे! पण बॅटरी जोडून लगेच सेल्फ मारू नका. नवखे नेमके तिथेच फसतात. इतकी वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असतात. चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या. मग चौथा गिअर टाकून गाडी हळूच मागे-पुढे ढकला. फॅनचा पट्टा हलला, म्हणजे इंजिन फिरलं, की जीव भांड्यात पडतो. नाहीच हलला तर जोर लावू नका, पुन्हा तेल सोडा.

त्यानंतर:
- जुनं पेट्रोल टाकीतून पूर्ण काढा. वास व्हार्निशसारखा येतो, आणि एसयू कार्बोरेटर (इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारे भाग) त्यानंच चिकटतात.
- ऑइल, फिल्टर बदला. प्लग न लावता सेल्फ मारा, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत.
- ब्रेकचे रबरी पाइप नवेच घाला. बाहेरून धडधाकट, आतून फुगून बंद. टायरही नवे, जुन्यांची नक्षी शाबूत दिसली तरी.

गाडी १९६७ किंवा त्याआधीची असेल तर पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं + टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं) आहे का ते बॅटरी जोडण्याआधी तपासा.

रंग, क्रोम नंतर! आधी दाराखालचे सिल (बॉडीचे लांब पत्र्याचे कठडे) स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. एमजीबीला वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीवरच, त्यामुळे सिल कुजले असतील तर खर्च तिथेच. कार्ब ट्यूनिंगचं इंजिन चालू झाल्यावर विचारा.