चूल एकटीची नाही : टाळेबंदीतले प्रश्न आणि उत्तरं

ही प्रश्नोत्तरं मे २०२०मधली आहेत. करोनामुळे लागलेली टाळेबंदी तेव्हा १७ मेपर्यंत वाढली होती. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांतून वाचकांचे स्वयंपाकाबद्दलचे प्रश्न आलेत. पदार्थ कसा करायचा हे विचारणारे त्यात थोडे आहेत. घरात कोण रांधतंय, कोणाला पुरत नाही, कोण दाराबाहेर बसून जेवतंय, हेच जास्त लिहिलेलं आहे. म्हणून उत्तरंही ओट्यापुरती ठेवलेली नाहीत.

रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ मोफत मिळाला. घरात सहा जण, म्हणजे तीस किलो झाला. पण आमच्याकडे दोन्ही वेळा भाकरी लागते. भातानं पोट भरत नाही, असं सासरे म्हणतात. मजुरी बंद आहे, ज्वारी विकत घेणं जड जातंय. या तांदळाचं काय करू? – चोपडा

तांदूळ दळून आणा आणि भाकरीतच घाला. तीन वाट्या ज्वारीच्या पिठाला एक वाटी तांदळाचं पीठ घेतलं तर चवीत फारसा फरक कळत नाही. ज्वारी संपत आली की निम्मं-निम्मं करा. तांदळाच्या पिठाला चिकटपणा कमी, त्यामुळे नेहमीसारखं पाणी घालून मळलं तर भाकरी थापताना फाटते. पाणी उकळून त्यात मिठासह पीठ घाला, दोन मिनिटं झाकून ठेवा आणि कोमट असतानाच चांगलं मळून घ्या.

सासरे म्हणतात त्यात तथ्य आहे. ज्वारीत चोथा जास्त असतो, भाकरी पोटात टिकते. पांढऱ्या भातानं लवकर भूक लागते. त्यावर उपाय डाळीचा आहे. कार्डामागे महिन्याला एक किलो डाळ जाहीर झाली आहे, ती हाती आली की नुसत्या पातळ वरणात संपवू नका. तीन वाट्या तांदळाला एक वाटी तूरडाळ घालून लसूण-मिरचीची खिचडी करा, वरून कच्चं तेल घ्या. महिन्यातून एकदा फुनके करा. डाळ भिजवून भरड वाटायची, लसूण, मिरची, कांदा, कोथिंबीर घालून मुटके वळायचे, वाफवायचे आणि कढीबरोबर खायचे. सहा माणसांना अर्धा किलो डाळ पुरते, आणि या जेवणात भाताचं प्रमाण आपोआप खाली येतं.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. उरलेला भात या उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत आणि गरम हवेत राहिलेल्या भातात विष तयार करतात. ते विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही. दवाखान्यात जायची भीती वाटावी अशा दिवसांत उलट्या-जुलाब ओढवून घेऊ नका. फ्रिज नसेल तर भात लागेल तेवढाच लावा.

सासू-सासरे, नवरा, दोन मुलं, पुण्याहून आलेला दीर आणि मी. पूर्वी अकराला डबे गेले की थोडी मोकळी व्हायचे. आता सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत चहा, नाश्ता, जेवण, पुन्हा चहा, मुलांना काहीतरी तळलेलं, पुन्हा जेवण. वर पत्र्याचं छत. यूट्यूबवर बघून रोज नव्या पदार्थाची फर्माईश येते. सगळे म्हणतात, आम्ही घरात अडकलोय. मला काय म्हणावं कळत नाही. – भुसावळ

ताई, तुमचा प्रश्न मी तीन वेळा वाचला. असेच आणखी कितीतरी प्रश्न समोर आहेत, फक्त गावांची नावं वेगळी आहेत. तुम्ही थकलात यात तुमचं काही चुकत नाही. सात माणसांचं तीन वेळचं खाणं, तेही हॉटेल बंद, शाळा बंद, बाहेर पडणं बंद असताना, हे एका बाईचं काम नाही. घरात राहायला सगळ्या देशाला सांगितलं आहे. घरातल्या एकीनं सगळ्यांना दिवसभर वाढत राहावं, असं कुणीही सांगितलेलं नाही.

पहिलं काम स्वयंपाकघराच्या वेळा ठरवण्याचं. पारा बेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात असताना पत्र्याखाली दुपारी गॅस पेटवणं अंगावर येतं. चक्कर येणं, पेटके, डोकं दुखणं ही उष्णतेच्या त्रासाची सुरुवात असते. दोन्ही वेळच्या भाकरी सकाळी नऊच्या आत उरकून घ्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी संध्याकाळपर्यंत छान राहते, ठेचा, कच्चा कांदा आणि तेल असलं की भाजीवाचूनही जेवण होतं. दुपारी एक ते पाच ओटा बंद. मधे भूक लागली तर मुरमुरे, शेंगदाणे, केळी डब्यात आहेत, ज्यानं त्यानं घ्यावीत. रावेर-यावलची केळी शेतात पडून आहेत. घ्याल तर शेतकऱ्यालाही आधार होईल.

दुसरं काम वाटणीचं. ती तोंडी ठेवू नका, कागदावर लिहून भिंतीला लावा. दीर कणीक मळेल आणि भाजी चिरेल. मुलं आपापलं ताट घासतील, लसूण सोलतील. सासरे ताक घुसळतील, भाजी निवडतील. रात्रीचं जेवण आठवड्यातून तीन दिवस नवऱ्याकडे.

नवऱ्याला स्वयंपाक येत नाही, असं कोणी म्हणेल. खान्देशात हे मी ऐकून घेणार नाही. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते तेव्हा कपाशीच्या काड्यांवर वांगी कोण भाजतं? मिरच्या-लसूण ठेचून पन्नास माणसांचं भरीत कोण घोटतं? आपल्याकडचे पुरुषच. जो माणूस काड्यांच्या जाळावर पन्नास जणांचं करू शकतो, तो गॅसवर सात जणांची खिचडी करू शकतो. पहिल्या दिवशी तिखट होईल, दुसऱ्या दिवशी खाली लागेल. तुम्ही उठून सावरायला जाऊ नका.

फर्माइशीचा नियम सोपा ठेवा. ज्याला नवा पदार्थ हवा त्यानं तो करायचा, आणि भांडीही त्यानंच घासायची.

हे सगळं तुम्ही एकटीनं मांडलंत तर भांडण होईल, ही भीती मला समजते. म्हणून आधी सासूबाईंशी बोला. एवढ्या लोकांचं रांधणं काय असतं ते त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. त्यांच्या तोंडून निघालं तर मुलगे ऐकतील. आणि त्यांनाही या वाटणीत फक्त बसून करायचं काम द्या, कारण त्यांनीही आयुष्यभर हेच केलंय.

मी भाजी साबणाच्या पाण्यात धुते, शेजारीण जंतुनाशक घालते. बरोबर कोणतं? – अमळनेर

दोन्ही चूक, आणि दोन्ही आजच बंद करा. साबण आणि जंतुनाशक भाजीच्या सालीत, पानांत मुरतं आणि पोटात जातं. साध्या, पिण्याच्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. बटाटे, काकडी हातानं घासा, पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढा. करोनाचा विषाणू मुख्यतः माणसाच्या श्वासातून, खोकल्यातून पसरतो, अन्नातून पसरल्याचा पुरावा नाही. त्यामुळे साबण भाजीला नाही, हाताला लावा. बाजारातून आल्यावर आणि भाजी लावून झाल्यावर वीस सेकंद. खरी जपायची गोष्ट भाजीवाल्याच्या गाडीभोवतीची गर्दी आहे.

दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक धुळ्याहून येते. आमरस-पुरणपोळी होते, मग ती आणि गल्लीतल्या बाया मिळून पापड, बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया करतो. यंदा २६ एप्रिलला आखाजी होऊन गेली. घागर भरली, डांगर (खरबूज) ठेवलं, पण लेक आली नाही. झोका बांधलाच नाही. वाळवणं करायला हातही नाहीत, मनही नाही. माझं वय ६१, गुडघे दुखतात. – पारोळा

लेकीशिवायची आखाजी सोसणं सोपं नाही. यंदा कितीतरी माहेरी असंच झालं. तिला येऊ दिलं नाहीत, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात सोडाच, दुसऱ्या जिल्ह्याची वेस ओलांडायला लावली नाहीत, हे बरोबरच केलंत.

वाळवणं पूर्ण सोडू नका, पण उडदाचे पापड यंदा वगळा. ते घट्ट पीठ कुटायला आणि लाटायला चार-पाच जणी लागतात, आणि त्या जवळजवळ बसतात. नेमकं तेच आता नको. बिबडे करा. दोन किलो ज्वारी पुरे. भिजवलेल्या, कोंडा काढलेल्या ज्वारीची भरड तुमच्या नेहमीच्या पद्धतीनं करा. उकळत्या पाण्यात लसूण-मिरचीचं वाटण, जिरं, तीळ, मीठ घालून घाटा शिजवा आणि ओल्या कापडावर हातानं थापा. खाली बसायची गरज नाही. गच्चीत किंवा अंगणात टेबल टाका, त्यावर कापड पसरा. गुडघ्यांना आराम मिळतो. सकाळी सातला थापलेले बिबडे दुपारी उलटता येतात. या उन्हात दोन दिवसांत खडखडीत होतात.

कुरडई करायचीच असेल तर एक किलो गव्हाची करा. तीन दिवस गहू भिजत घाला. पाणी रोज न चुकता बदला, नाहीतर या उष्णतेत वास धरतो. चीक शिजवून ढवळायला घरातल्या पुरुषाला उभं करा, तिथे खरी ताकद लागते. सोऱ्या तुम्ही धरा.

आमरसाचं मन राहिलं असेल तर आंबापोळी घाला. रस गाळून थोडी साखर घालून आटवा, तुपाचा हात फिरवलेल्या ताटात पातळ पसरा, वर मलमलचं कापड झाका. एक थर वाळला की दुसरा. ही पोळी कोरड्या डब्यात महिनोन्महिने राहते. लेकीच्या वाट्याचा डबा वेगळा भरा, त्यावर तिचं नाव लिहा, आणि थापताना तिला व्हिडिओ कॉल लावून समोर ठेवा. गल्लीतल्या बायांनाही सांगा, आपापल्या गच्चीवर एकाच दिवशी घाला. गाणी गच्चीवरूनही ऐकू जातात.

दीर सुरतहून परवानगी काढून गावी आला. हातावर विलगीकरणाचा शिक्का आहे, १४ दिवस घरातच राहायचंय. दोन खोल्या, एकच न्हाणीघर, घरात ७४ वर्षांच्या आजी. त्याला जेवण कसं द्यायचं? गावात आमच्याशी कोणी बोलत नाही. – नवापूर

त्याला एक खोली पूर्ण द्या, खिडकी उघडी ठेवा. ताट, वाटी, तांब्या, पेला त्याच्याकडेच राहू द्या. त्यानं ते साबणानं स्वतः घासावेत. दाराबाहेर एक स्टूल ठेवा. तुम्ही पातेल्या ठेवून मागे व्हायचं, मग त्यानं दार उघडून आपल्या ताटात वाढून घ्यायचं. दोघांच्याही तोंडाला फडकं हवं. न्हाणीघर त्यानं सगळ्यांच्या शेवटी वापरावं आणि नंतर नळ, कडी, बादली, फरशी ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवावी. आजींचं जेवण-झोपणं त्याच्या खोलीपासून जितकं लांब जमेल तितकं लांब.

त्याला शिळंपाकं किंवा वेगळं काही देऊ नका. घरात जे शिजेल तेच, ताजं आणि गरम. सुरतेत काम बंद पडल्यावर त्यानं काय खाल्लं असेल याचा विचार करा. तुम्ही जेवायला बसाल त्याच वेळी त्यालाही द्या, दार बंद असलं तरी आवाज पोचतो. चौदा दिवस एकट्यानं गिळायचं म्हटलं तर घास उतरत नाही.

ताप, कोरडा खोकला, वास-चव जाणं किंवा दम लागणं यातलं काहीही दिसलं तर १०४ या आरोग्य हेल्पलाइनला फोन करा किंवा आशाताईंना कळवा. लपवू नका. आणि गाव बोलत नाही म्हणून खाली मान घालू नका. तो चोरून आलेला नाही, नियमानं आलाय, नियमानं राहतोय. पोटासाठी सुरतला गेलेली माणसं नवापुरातल्या किती घरांत आहेत, हे गावालाही माहीत आहे.

आयुषचा काढा मी सगळ्यांना दिवसातून चार वेळा देते. सासऱ्यांना छातीत जळजळतं, मुलाच्या तोंडाला फोड आलेत. तरी चालू ठेवू का? – जळगाव

नाही. आयुष मंत्रालयानंच तो दिवसातून एकदा किंवा दोनदा सांगितला आहे. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका. त्यातली मिरी आणि सुंठ चार-चार वेळा पोटात गेली तर आपल्या उन्हाळ्यात जळजळ व्हायचीच. सासऱ्यांचा आणि मुलाचा काढा आजपासून थांबवा. काढा प्यायला म्हणून विषाणू दूर राहत नाही, त्याला मास्क, अंतर आणि साबणच लागतो. या दिवसांत अंगाला पाणी हवं आहे. ताक, कैरीचं पन्हं, ज्वारीची आंबील द्या. मुलाच्या तोंडाचे फोड बरे होईपर्यंत तिखट आणि आंबट बंद, दूध-पोळी, केळ्याचं शिकरण द्या. आठवड्यात कमी झाले नाहीत तर डॉक्टरांना फोनवर विचारा.

धुळ्यात खोलीवर अडकलोय. मेस बंद. लहान गॅस आणि एक कुकर आहे, बिस्किटं-मॅगीवर दिवस काढतोय. घर शहाद्याला. – विद्यार्थी

बाळा, आजच पिठलं कर. एक वाटी बेसन तीन वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालव. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, मिरची, कांदा, हळद परत, कालवलेलं ओत आणि घट्ट होऊन तकतकी येईपर्यंत ढवळ. भाकरी येत नसेल तर भाताबरोबर खा. उद्या कुकरात एक वाटी तांदूळ, पाव वाटी तूरडाळ, एक बटाटा, चार वाट्या पाणी, मीठ-हळद. तीन शिट्ट्या. वरून लसणाची फोडणी. मटकी भिजवून कापडात बांधून ठेव, एका दिवसात मोड येतात, त्यावर कांदा-लिंबू. केळी रोज दोन. आईला रोज जेवायच्या वेळी फोन कर आणि ताटात काय आहे ते दाखव, तिची अर्धी काळजी त्यानंच जाईल. घरमालकीणबाई कधी भाकरी देत असतील तर संकोच न करता घे, आणि त्यांचा किराणा आणून दे.