चेनसॉ तापली की स्लोवर (रेस न देता मंद चालते त्या वेगावर) थांबत नाही, बंद पडते. नवा कार्ब्युरेटर टाकूनही तेच. काय तपासावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मशीन सकाळी लगेच सुरू होते, अर्धी टाकी झकास कापते. मग रेस सोडली तरी आवाज खाली येत नाही, उलट आपोआप चढतो आणि एकदम बंद पडते. गार झाल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. आवाज चढतो ही खूण फार महत्त्वाची आहे. ती लिहिलीत हे बरं केलंत.

मी जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर भागात फवारणी पंप, ब्रशकटर, चेनसॉ अशी लहान इंजिनं दुरुस्त करतो. मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की हीच तक्रार घेऊन माणसं येतात, आणि बहुतेकांच्या मशीनला कार्ब्युरेटर आधीच बदललेला असतो. गार असताना मशीन नीट चालते, म्हणजे कार्ब्युरेटरवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी बघायचं ते हे, की तापल्यावर नेमकं काय बदलतं.

बंद पडताना इंजिन जड होऊन, धूर टाकत, गुदमरत बसलं असतं तर पेट्रोल जास्त जातंय असं म्हटलं असतं. तुमची आधी चढते आणि मग जाते. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय. टू-स्ट्रोक इंजिनला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, त्यामुळे हवेच्या मानाने पेट्रोल कमी झालं की ऑइलही कमी जातं, पिस्टन जास्त तापतो आणि सिलेंडरला चिकटतो. म्हणून कळकळीने सांगतो, कारण सापडेपर्यंत या मशीनने लाकूड कापू नका.

सोप्या गोष्टी आधी उरका. स्टार्टरचं कव्हर काढून पंख्याच्या आणि सिलेंडरच्या पाकळ्या बघा. वाळलेली बाभूळ बोथट चेनने कापली की भुशाऐवजी पीठ पडतं. ते ऑइलमध्ये मिसळून पाकळ्यांत थापलं जातं आणि गार हवेची वाट बंद होते. एअर फिल्टर, टाकीतला फिल्टर, सायलेन्सरची जाळी हेही त्याच वेळी साफ करा. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण 50:1 सांगितलेल्या मशीनला लिटरभर पेट्रोलला 20 मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल लागतं. हे मिश्रण महिन्याहून जुनं असेल तर टाकून नवं करा. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं आणि जुन्या नळ्या आणि कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा (डायफ्राम) कडक करतं.

पुढची शंका टाकीच्या हवेच्या वाटेची. ती बुजली की पेट्रोल खाली जातं तशी टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल वर चढत नाही. अर्धी टाकी संपल्यावर त्रास होतो म्हणता, म्हणून हे बघाच. पण तापलेल्या मशीनचं झाकण लगेच उघडू नका, पेट्रोल कारंज्यासारखं अंगावर उडू शकतं. सावलीत गार होऊ द्या, मग कापड धरून हळूहळू सैल करा. हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर ती हवेची वाट, म्हणजे व्हेंट, बदला.

प्लगला ठिणगी देणारी कॉइलही तापल्यावर दगा देते, पण तेव्हा आवाज चढत नाही, स्विच बंद केल्यासारखी मशीन गप्प होते. बंद पडताक्षणी दुसरा प्लग लावून ठिणगी बघा. मात्र प्लगच्या उघड्या भोकापासून ती लांब ठेवा, आतून पेट्रोलची वाफ येते.

तुमच्या खुणेवरून मला खरा संशय हवेच्या गळतीचा आहे. कार्ब्युरेटर आणि सिलेंडर यांच्यामधलं रबर गार असताना मिटून बसतं, तापलं की त्याची चीर उघडते. क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंना हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, म्हणजे ऑइल सील असतात, त्यांचंही तसंच. नवा कार्ब्युरेटर बसवताना ते रबर ओढलं गेलं असेल किंवा गॅस्केट नीट बसलं नसेल, तर जुन्या दुखण्यात नव्याची भर. घरी एक अंदाज घेता येतो: चेन ब्रेक लावून मशीन स्लोवर ठेवा आणि डाव्या-उजव्या कुशीवर कलती करा. कलती केल्यावर आवाज एकदम बदलला तर सीलचा संशय पक्का होतो. खात्री मात्र दाबाच्या चाचणीनेच होते. मेकॅनिकला सांगा, सायलेन्सरची आणि कार्ब्युरेटरची बाजू बंद करून अर्धा बार दाबाची हवा भर आणि साबणाचं पाणी लाव. बुडबुडा येईल तिथे गळती. काही सील फक्त आत ओढताना गळतात, म्हणून व्हॅक्यूम लावूनही बघायला हवं. चालू मशीनवर क्लीनरचा स्प्रे मारून गळती शोधणारे आहेत. गरम सायलेन्सरशेजारी तो भडकतो, ते करू देऊ नका.

या चाचणीसाठी सायलेन्सर काढलाच आहे तर त्या भोकातून पिस्टनवर बॅटरीचा उजेड मारा. उभे ओरखडे दिसले तर नुसत्या सीलवर पैसे घालण्यात अर्थ नाही, सिलेंडर-पिस्टनचाही खर्च धरा.

गळती बंद झाल्यावरच कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावायचा, तोही इंजिन गरम करून. एल स्क्रूने (स्लोचं पेट्रोल ठरवणारा) स्लो सगळ्यात जास्त चढेल ती जागा शोधा, तिथून किंचित, साधारण आठवा हिस्सा फेरा, घड्याळाच्या उलट दिशेने सोडा. मग स्लोच्या स्क्रूने आवाज इतका खाली आणा की चेन अजिबात फिरणार नाही. एच स्क्रू (पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारा) कानाने लावू नका, त्याला इंजिनचे फेरे मोजणारा टॅकोमीटर लागतो.

आणि या उन्हात जोरात कापून झाल्यावर लगेच बटण बंद करू नका. अर्धा-एक मिनिट स्लोवर चालू द्या, म्हणजे पंखा सिलेंडरची उष्णता काढतो. नाहीतर ती सगळी कार्ब्युरेटरमध्ये चढते, पेट्रोलची आतच वाफ होते, आणि मशीन धडधाकट असूनही पुढची पंधरा मिनिटं दोरी ओढत बसावं लागतं.