शार्कचे दात शोधायला निघण्याआधी

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

आई-बाबा, ताई-भावजी आणि त्यांची दोन पोरं अशी सगळी पलटण घेऊन शनिवारी मेरीलँडमधल्या कॅल्व्हर्ट क्लिफ्सच्या कड्यांकडे शार्कचे जुने दात शोधायला जायचं ठरवलंस, हे झकास केलंस. व्हाइट हाउस आणि म्युझियमं बघून पाहुणे थकतात, फक्त तसं कबूल करत नाहीत. तुझा एक प्रश्न मात्र मला खटकला. ‘काका, मेगालोडॉनचा दात नक्की कुठे मिळतो?’ अगं, त्या नामशेष झालेल्या राक्षसी शार्कचा दात नक्की असा कुठेच मिळत नाही. कधीतरी कुणाला तरी मिळतो आणि त्याची बातमी होते. पोरांना गाडीत बसवतानाच तळहाताएवढ्या दाताचं आमिष दाखवलंस, तर अर्ध्या तासात दोघं ‘इथे काहीच नाहीये’ म्हणत तुझा फोन मागतील. त्यांना सांग, आपण करंगळीच्या नखाएवढे दात शोधायला चाललोय. तेवढे मिळतात आणि चांगले मिळतात.

आधी जागेचं बघ. लस्बी गावच्या कॅल्व्हर्ट क्लिफ्स स्टेट पार्कात पार्किंगपासून किनाऱ्यापर्यंत झाडीतून १.८ मैल चालावं लागतं, आणि तितकंच परत. वाट सुरेख आहे, पाणथळीच्या कडेने जाते, पण बाबांच्या गुडघ्याचं तू मागे म्हणाली होतीस. येताना पोरं कडेवर घ्यायची वेळ आली की भावजींची सुट्टी तिथेच संपली. त्यापेक्षा जवळच काउंटीचं फ्लॅग पॉण्ड्स नावाचं उद्यान आहे. तिथे साधारण अर्धा मैल चाललं की पाणी दिसतं, किनाराही ऐसपैस आहे. मी तुझ्या जागी असतो तर डोळे मिटून तिकडे गेलो असतो. उघडण्याच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, त्या तेवढ्या आदल्या दिवशी बघून घे.

ओहोटीची वेळ जवळच्या कोव्ह पॉइंटच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळेल. पण आपल्या कोकणासारखं पाणी लांबवर आत जाईल अशी अपेक्षा ठेवू नकोस. चेसापीक उपसागराच्या या भागात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम एक-दीड फूट. इथे वाऱ्याला जास्त किंमत आहे. वायव्येचा वारा दिवसभर वाहिला की उपसागरातलं पाणी बाहेर ढकललं जातं आणि एरवी बुडालेली पट्टी उघडी पडते. पूर्वेचा असेल तर उलट. आदल्या एक-दोन दिवसांत वादळी पाऊस झाला असेल तर सोन्याहून पिवळं, कारण लाटांनी नवा माल काढून ठेवलेला असतो. ऑक्टोबर आहे, त्यामुळे उन्हाळ्यातल्या जेलीफिशचा त्रास नाही.

हा माल येतो कुठून, ते बाबांना नीट सांग. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तो कडा पोरांपेक्षा जास्त आवडेल. सुमारे एक ते दोन कोटी वर्षांपूर्वी, मायोसीन काळात, इथे उबदार उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी वाळू, चिखल आणि शिंपल्यांचे थर साचत गेले. पुढे समुद्र हटला, जमीन वर राहिली. चेसापीकचं आजचं पाणी तर अगदी अलीकडचं. हिमयुग सरल्यावर समुद्र चढला आणि सस्क्वेहाना नदीचं खोरं बुडालं, तो हा उपसागर. त्याच्या लाटा आता तो जुना तळ पायथ्यापासून कुरतडतायत. कड्यात आडवे पट्टे स्पष्ट दिसतात, मधूनच शिंपल्यांचा पांढरा थर जातो. बाबा काळ्या पाषाणात वाढलेले. सह्याद्रीचा लाव्हाचा खडक त्यांनी खूप बघितला असेल, समुद्राच्या तळाची अशी उभी कापलेली भिंत नसेल बघितली. लांबून दाखव. पोरांच्या मागे धावायचं काम त्या वेळी दुसऱ्या कुणाकडे दे.

लांबून म्हणालो ते मुद्दाम. कड्याच्या पायथ्याशी जायचं नाही. ‘पाचच मिनिटं’ नाही, ‘फोटोपुरतं’ नाही, समोर काहीतरी चमकतंय म्हणून तर अजिबात नाही. ही भिंत कच्ची आहे. पावसानंतर, थंडीत गोठून वितळल्यावर, कधी काही कारण न दिसताही तिचा मोठा लगदा खाली येतो, आणि येण्याआधी आवाज देत नाही. कड्यात खणायलाही बंदी आहे. तिथे एक दुर्मीळ वाघ-भुंगेराही राहतो, त्याच्या अळ्या त्या उघड्या उतारातच बिळं करतात. पण पोरांना भुंगेऱ्याचं कारण सांगू नकोस, दरडीचंच सांग. सगळ्यांत आधी भावजींना सांग, कारण अशा ठिकाणी नियम मोडणारे पुरुष बहुतेक चाळिशीचे असतात. किनाऱ्यावर पडलेलं उचलायला परवानगी आहे आणि तेवढं पुष्कळ होतं.

आता खरं काम. किनाऱ्यावर पोचल्यावर सगळे चालायला लागतील. चालू देऊ नकोस. लाट परतते तिथे बारीक खडी आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची ओली पट्टी राहते. सूर्य समोर येईल असं तोंड करून त्या पट्टीवर चक्क फतकल मारून बसायचं आणि हातभर जागा बघायची. तेवढीच. सुरुवातीला नुसती खडी दिसते. शिंपल्यांचे करडे तुकडे, लोखंडाच्या गंजाने तांबडे झालेले खडे, लाकडाच्या काळ्या ढलप्या. मग केव्हातरी त्यात एक काळी चकाकी वेगळी पडते. ओला दगडही चमकतो, पण वाळला की निस्तेज होतो. दाताचा मुकुट, म्हणजे मुळाच्या वरचा भाग, बोटावर पुसून कोरडा केला तरी चीनी मातीच्या कपासारखा तुकतुकीत राहतो. त्याच्या बुडाशी मूळ असतं, ते खरबरीत आणि मंद रंगाचं. चकाकी आणि खरबरीतपणा एकाच तुकड्यात, मधे स्वच्छ रेघ, असं दिसलं की तो दात. नखाने कड चाचपून बघ, काही दात अजून बोचतात.

पहिला दात सापडला की तो लगेच डबीत टाकू नका. सगळ्यांच्या तळहातावरून फिरवा, मग परत वाळूत ठेवा आणि प्रत्येकाला तो उभं राहून शोधायला लावा. पोरांना हा खेळ वाटेल. प्रत्यक्षात त्याने नजर बसते, आणि एकदा बसली की पुढचे आपोआप दिसायला लागतात. त्यानंतर तू गप्प बस. ‘इकडे बघ, तिकडे बघ’ करणारा मार्गदर्शक माझ्या मते दात न सापडण्याचं सर्वांत मोठं कारण असतो. कुणाला किती मिळाले हे मोजायचंही नाही. एकच डबी न्या, सगळ्यांचे दात त्यात. दोन भावंडांना दोन डब्या दिल्यास की परतीच्या वाटेवर महाभारत ठरलेलं.

चाळण घरचीच ने, गव्हाची. पिठाची बारीक चाळण वाळूने लगेच बसते. आईंना वाकायला त्रास होत असेल तर त्यांना घडीच्या खुर्चीवर बसवून चाळलेली खडी ताटात पसरून द्या. तांदूळ निवडायची सवय असलेली नजर इथे कुणालाही हार जात नाही, हे मी पैजेवर सांगतो.

मोठा पोरगा ‘एवढे दात कसे?’ असं विचारेल. शार्कचे दात आयुष्यभर पडतात आणि मागच्या रांगेतले पुढे सरकतात. एका शार्कचे असे हजारो होतात. त्याचा सांगाडा कूर्चेचा, तो बहुधा कुजून जातो. दात कठीण, ते गाळात टिकतात आणि त्या गाळातली खनिजं मुरून काळे-करडे होतात. म्हणजे त्याला सापडलेला दात मेलेल्या शार्कचाच असेल असं नाही, शिकार करता करता पडलेलाही असेल. हे ऐकून पोरं खूश होतात.

बाबांसाठी इतिहास हवा असेल तर हा घे. महाराज आग्र्याहून निसटले त्याच १६६६ साली इटलीत लिव्होर्नोजवळ एक प्रचंड शार्क पकडला गेला. त्याचं डोकं फ्लोरेन्सला निकोलस स्टेनो नावाच्या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे विच्छेदनाला पाठवलं. तोवर युरोपात असे दात सापडत, त्यांना सापाच्या जिभा दगड झाल्या असं म्हणत आणि विषावर उतारा म्हणून बाळगत. स्टेनोने जबडा समोर ठेवून दाखवलं की हे हुबेहूब शार्कचे दात आहेत. मग प्रश्न उरला, ते डोंगरातल्या खडकात गेले कसे? त्याचा माग काढत तो खडकांच्या थरांपर्यंत पोचला: न विस्कटलेल्या थरांत खालचा आधीचा, वरचा नंतरचा. धरणाच्या पायाची तपासणी करताना बाबांनी हा नियम कितीदा वापरला असेल!

दुपारी डबा खाऊन सॉलोमन्सच्या कॅल्व्हर्ट मरीन म्युझियमला जा. मेगालोडॉनचा अख्खा सांगाडा तिथे प्रतिकृतीत टांगलेला आहे, पोरांची मोठ्या दाताची हौस तिथे फिटेल. डबी सोबत ठेवा आणि काचेमागच्या दातांशी ताडून बघा. कडा गुळगुळीत आणि उंच त्रिकोण असेल तर माको म्हणतात त्या घराण्यातला. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा एका बाजूला कललेला आणि खाचेचा असेल तर टायगर शार्क. सुईसारखा बारीक, मुळाशी दोन इवल्या टोकांचा असेल तर सँड टायगर. माझा लाडका म्हणजे हेमिप्रिस्टिस नावाचा शार्क. त्याच्या वरच्या जबड्यातल्या दाताच्या मागच्या कडेला करवतीसारखे ठसठशीत दाते असतात आणि टोकाजवळ आल्यावर ते एकाएकी थांबतात. दात भिंगाखाली धरलास तर तो थांबण्याचा बिंदू नेमका दिसतो. काळे, चपटे, उभ्या रेघारेघांचे तुकडे मिळाले तर फेकू नका, ते ‘रे’ नावाच्या चपट्या माशाच्या, शिंपले फोडायच्या दातांच्या पाट्यांचे असतात.

आणि खरोखर मोठं काही दिसलं, कड्यातून डोकावणारं व्हेल किंवा डॉल्फिनचं हाड म्हण, तर हात लावायचा नाही. लांबून फोटो काढायचा, जागा नीट लक्षात ठेवायची आणि त्याच म्युझियमच्या जीवाश्म विभागाला कळवायचं. ओढून काढलेलं हाड तुटतं आणि ते कुठल्या थरातलं होतं ही माहितीही जाते. भावजींना ‘आपण काढू की’ असं वाटेल. त्यांना चहाचा थर्मास धरायला द्या.

घरी गेल्यावर दात साध्या पाण्यात धुऊन कागदावर सुकवा, डबीत तारीख आणि जागेची चिठ्ठी टाका. त्याआधी सगळ्यांच्या घोट्यांवर, गुडघ्यामागे आणि पोरांच्या केसांत गोचीड बघा. इथल्या गोचिडीपासून लाइमचा आजार होतो आणि आई-बाबांना त्याची कल्पना नसणार. पायमोज्यात पँट खोचून चालायला त्यांना विचित्र वाटेल, तरी खोचायला लाव.

बाबांना माझा नमस्कार सांग. वारा कुठला आहे ते शुक्रवारी रात्री बघ आणि पूर्वेचा असेल तर सरळ रविवारी जा.

तुझा,
काका