बढती की नवं गाव? आधी एवढंच बघा

बढती घ्यावी, की ती सोडून हव्या तशा जीवनशैलीसाठी नव्या गावी राहायला जावं, ही घालमेल समजते. मी दोनदा गाव बदललंय, एकदा बढती नाकारलीय. त्यातलं एक स्थलांतर सपशेल फसलं.

१. बढतीनंतरचा एक साधा मंगळवार डोळ्यांसमोर आणा. बैठका किती, प्रवास किती, रात्री फोन कुणाचे? आज त्या पदावर जो आहे, त्यालाच गाठून विचारा. पगाराचा आकडा शेवटी.

२. नव्या गावी सुट्टीत जाऊन भाळू नका. कामाच्या दिवसांत दोन-तीन आठवडे राहा, तेही तिथल्या सर्वांत वाईट ऋतूत. मी नेमकं उलटं केलं. हवा मस्तच होती हो, पण ओळखीचं कुणी नाही, रविवार अक्षरशः खायला उठायचा. १९९८ मध्ये श्केड आणि कानमन या संशोधकांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तर छान हवेच्या कॅलिफोर्नियातले लोक जास्त सुखी असतील असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात तिथले आणि मिडवेस्टमधले, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या, कडक थंडीच्या भागातले विद्यार्थी सारखेच समाधानी निघाले.

३. जोडीदाराच्या कामाचं काय, हे आधी ठरवा.

नवखे लोक हमखास करतात ती चूक म्हणजे साहेबावरच्या रागाला जीवनशैलीची ओढ समजणं. चांगली रजा घेऊन या. परतल्यावरही जावंसं वाटलं तर ती ओढ खरी.

घर विकायचं की भाड्याने द्यायचं, हे सगळं नंतर. आणि हो, हीच बढती दुसऱ्या शाखेत किंवा घरून काम करून मिळेल का, हे विचारलंत का? नसेल तर आधी विचारा.