कैरोला निघण्याआधी

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. बेली डान्स करायला तू कैरोला निघाली आहेस, तर पोशाख कुठून घेऊ, कोणत्या एजंटकडे जाऊ, घरी काय सांगू, असं सगळं तू विचारलं आहेस. संगीताबद्दल मात्र एक ओळही नाही, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

आजवर तू रेकॉर्ड केलेल्या गाण्यांवर बसवलेले नाच केलेस. कैरोत नाव असलेल्या नर्तकीचा स्वतःचा वाद्यमेळ असतो आणि त्याचे पैसे तीच देते. दरबुका (हाताने वाजवायचा ढोल, तिला तिथे तबलाच म्हणतात), रिक (झांजा लावलेली डफली), कानून (आपल्या स्वरमंडळासारखं तारांचं वाद्य), व्हायोलिन, नाय (बासरी), अकॉर्डियन. ही माणसं कालच्यासारखं आज वाजवत नाहीत. कानूनवाल्याला एखाद्या रात्री सूर सापडला की तो तकसीम, म्हणजे आयत्या वेळी सुचलेलं एकट्याचं वादन, लांबवतो, आणि तेवढा वेळ तुला जागेवरून न हलता तो सूर अंगात धरून ठेवता आला पाहिजे. पाठ केलेल्या नाचाचा तिथे काही उपयोग नाही.

ताल मकसूमपासून धर. दुम तेक, तेक दुम, तेक. दुम म्हणजे चामड्याच्या मधोमध पडणारा खर्जाचा ठोका, तेक म्हणजे काठावरचा कोरडा. दुमवर कंबर खाली सोडायची, तेकवर उचलायची. आधी हे तोंडाने म्हण, हाताने टाळी दे, मग पायाकडे ये. त्यानंतर सईदी घे. त्यात मधोमध दोन दुम लागोपाठ पडतात, आणि तेवढ्यानेच नाचाचं सगळं वजन जमिनीकडे जातं. हा दक्षिण इजिप्तचा ताल, काठीचा. तिथल्या पुरुषांचा तहतीब हा काठीचा खेळ २०१६ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. बायकांच्या नाचातली काठी नखऱ्याची असली तरी ती आली तिथूनच. तेव्हा ती हातात घेण्याआधी तहतीब एकदा नीट बघ.

तुझं गाण्याचं शिक्षण इथे फार कामाला येईल. हिजाज मकाम (मकाम म्हणजे आपल्या रागासारखी अरबी स्वररचना) ऐकशील तेव्हा भैरवाचं पूर्वांग लगेच ओळखीचं वाटेल. बयाती मकामात मात्र दुसरा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधे कुठेतरी असतो. तो पेटीवर सापडणार नाही. इजिप्तमधले वादक त्यासाठी अकॉर्डियनच्या पट्ट्याच वेगळ्या लावून घेतात.

त्या अकॉर्डियनसाठी तरी बलदी हा नाचाचा प्रकार शीक. मला विचारशील तर या नाचाचा सगळा कस बलदीत लागतो. सुरुवातीला अकॉर्डियन एकटंच असतं, संथ, जवळजवळ कुरकुरल्यासारखं. ताल नाही. नर्तकी एका पावलाच्या जागेत उभी, गुडघे सैल, कंबरेत एक सावकाश आठाचा आकडा. मग तबला हळूच आत येतो. अकॉर्डियन एक ओळ विचारतं, तबला दोन ठोक्यांत उत्तर देतो, आणि ते उत्तर कंबरेवर दिसावं लागतं. पाव मात्रा उशीर झाला तरी समोरच्या टेबलावरच्या आजीबाईंना कळतं. त्यांनी हे आयुष्यभर लग्नाघरात पाहिलेलं असतं.

काय बघू, असं विचारशील. बदिया मसाबनीने १९२६ साली कैरोत आपलं नाचगाण्याचं थिएटर काढलं. तिथे मोठा रंगमंच मिळाल्यावर हा नाच पसरला, हात उघडले, पावलं फिरू लागली. सामिया गमाल आणि तहिया कारिओका दोघी तिथूनच पुढे आल्या. त्यांचे जुने चित्रपट लाव. सामिया रंगमंचभर वाहते, तहिया जागेवर राहून सगळं करते. मला तहिया जास्त आवडते, पण तू दोघींना बघ. नंतर सुहैर झकी. ती इजिप्तची मोठी गायिका उम्म कुल्सूम हिच्या गाण्यांवर नाचली. ती गाणी सगळ्या अरब जगाला पाठ आहेत, म्हणून शब्दांचा अर्थ माहीत नसताना त्यावर उभी राहू नकोस. विरहाच्या ओळीवर हसरा चेहरा ठेवलास तर पुढची तासभराची मेहनत पाण्यात जाईल.

पोशाखाची घाई नको. एक चांगला घे, दोन सुया-दोरे आणि भरपूर सेफ्टी पिना बरोबर ठेव, आणि रंगमंचावरून खोलीपर्यंत जाताना वर अबाया (अंगभर सैल झगा) घालायचा म्हणजे घालायचाच.

आता कागदपत्रं, आणि इथे माझं अक्षरशः ऐक. इजिप्तमध्ये परवान्याशिवाय एकही कार्यक्रम करू नकोस, 'आजच्यापुरतं' म्हणूनसुद्धा नाही. २००४ मध्ये सरकारने परदेशी नर्तकींचे परवाने काही महिने बंद ठेवले होते. २०१८ मध्ये एका रशियन नर्तकीला परवाना आणि पोशाख यांवरून अटक झाली. पोटावर जाळी हवी, आत नीट शॉर्ट्स हवी, हे तपासायला खरोखर निरीक्षक येतात. पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात द्यायचा नाही, मालक कितीही भला वाटला तरी. कंत्राटात परतीचं तिकीट, राहायची खोली, सुट्टीचा दिवस, रोजचे कार्यक्रम आणि एजंटचा वाटा लिहून घे. इस्तंबूल किंवा आखातातून काम आलं तर 'कोन्सोमासियोन' हा शब्द कुठे आहे का ते बघ. पाहुण्यांच्या टेबलावर बसून त्यांना प्यायला लावणं, असा त्याचा अर्थ. तो असेल तर ते काम नाचाचं नाही. विमानभाडं त्यांनी दिलं असलं तरी नको म्हण.

नाईलवरच्या जेवणाच्या बोटींवर सुरुवातीला काम मिळू शकतं. जागा दोन टेबलांमधली, जमीन हलती, पाहुणे अर्धे फोनमध्ये. तरी ते घे. हलत्या जमिनीवर शिमी, म्हणजे कंबरेची थरथर, गुडघ्यातूनच करावी लागते, पाठ ताणून चालत नाही, आणि तुझी तीच सवय मोडायची आहे. व्हिडिओत तुझी कंबर मागे वाकलेली दिसते. असंच चालू राहिलं तर मणके बोलायला लागतील. आत्तापासून पोटाचे खालचे स्नायू आवळून उभं राहायचा सराव कर.

घरी खरं सांग. आईला कार्यक्रमाचा व्हिडिओ दाखव, गाण्याचे शब्द समजावून सांग. आपल्या महाराष्ट्रात लावणीवर शिट्ट्या मारणाऱ्यांनीच लावणीवालीला नावं ठेवली. कैरोतही लग्नाच्या वरातीपुढे नर्तकी हवी असते आणि सून म्हणून नको असते. हे तुलाही झेलावं लागेल. आई बरोबर असली तर ते सोपं जाईल. वडिलांना वेळ लागेल, त्यांच्याशी भांडू नकोस.

कंत्राट आलं की सही करायच्या आधी मला पाठव. अरबी मजकूरही पाठव, नुसतं भाषांतर नको. आणि बलदीचं रेकॉर्डिंग, एकाच जागी उभं राहून केलेलं, पाय दिसतील असं.

तुझी,
ताई